भांगलणीला गेलेल्या बायांची पोरं
कऱ्हाडजवळच्या आमच्या गावात 1980च्या सुमारास बालवाडी भरायची ती मारुतीच्या देवळामागच्या समाजमंदिरात. पत्रा तापला की बाई सगळ्यांना पिंपळाखाली घेऊन बसत. सुकडीसाठी वाटी घरून न्यायची. वाटी विसरलेल्याला ओंजळीत मिळे. जागा पंचायतीची, पाट्या आणि तक्ते महिला मंडळानं जमवलेले, बाईंच्या मानधनाचे थोडके रुपये पंचायतीच्या मासिक सभेत मंजूर होत. बाईंना पैसे मिळाले की नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक असे. ती बालवाडी गावाला आपली वाटे, आणि त्या आपलेपणाची आठवण आजही सुखावते.

पण बालवाडी बाराला सुटायची आणि आया भांगलणीहून परतायच्या दिवस मावळताना. मधले तास सांभाळायला आजी असे, नाहीतर थोरली बहीण. तान्ही पोरं बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत. माझ्या वर्गातली एक हुशार मुलगी चौथीनंतर शाळेत दिसेनाशी झाली. दुपारी ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या खिडकीशी उभी राही आणि आत चाललेले पाढे ऐके. त्या काळातली पोरं घरोघर मायेनं सांभाळली गेली, असं आपण म्हणतो ते खरंच आहे. त्या मायेचं मोल मात्र या मुलींनी चुकवलं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1945 साली बोर्डीत काम सुरू करून त्या पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी होती. थोरलीनं धाकट्याला बरोबर आणावं, त्याला पाळणाघरात ठेवावं आणि स्वतः वर्गात बसावं. इतकी साधी आणि इतकी नेमकी सोय मला दुसरी माहीत नाही.

2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हळूहळू गावोगाव पोचली. आज आमच्या गावात तिची पक्की इमारत आहे. भिंतींवर चित्रं, नळाला पाणी, वजनकाटा, ताईंच्या हातात मोबाइल. गरम आहार रोज मिळतो. थोरल्या बहिणी शाळेत जातात, याचा आनंद तर शब्दांत मावणारा नाही. पण दुपार तशीच उघडी राहिली. आजीही आता रोजगाराला जाते. तीन वर्षांखालच्या बाळाचं वजन होतं, त्याच्या आहाराची पाकिटं घरी येतात. दिवसभर त्याला बघायचं कुणी, हा प्रश्न त्याच्या आईवरच पडतो.

पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला 2017पासून पाळणाघराची सोय करावी लागते. दुसऱ्याच्या रानात भांगलणाऱ्या बाईची आस्थापना कुठली? रोजगार हमीच्या कामावर लहान मुलं पाच किंवा जास्त असली तर सांभाळायला एक बाई नेमायची तरतूद आहे, पण ती त्या कामापुरती. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नाचे 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. हा निधी बहुतेक गावांत शिलाई यंत्रं आणि हळदीकुंकवाच्या कार्यक्रमांत जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. छोट्या गावात ती रक्कम एका पाळणाघराला पुरणार नाही, हे मान्य. तिथं शासनानं भर घातलीच पाहिजे. पण मागणी गावातून उठल्याशिवाय ती भर येणार नाही.

आमच्याकडे अंगणवाडीला लागून एक खोली रिकामी आहे. सकाळी नऊ ते सहा दोन बाया हव्यात, त्यांना वेळेवर आणि पुरेसं मानधन हवं, सुगीत तास वाढवायची मुभा हवी. भांगलणीच्या टोळीतल्या बायका येत्या ग्रामसभेत तसा ठराव मांडणार आहेत. अर्ज मी लिहून दिलाय. सह्या आणि अंगठे गोळा करायचं काम त्या रोज दुपारी भाकरीच्या सुट्टीत, बांधावरच करतायत.