स्कीइंगला जाताय? गोळ्यांआधी पायातल्या पट्ट्यांविषयी बोलू

डिसेंबर उजाडला की पुंडलिकनगरच्या माझ्या दवाखान्यात एक नवा प्रश्न येतो: "सर, गुलमर्गला चाललोय, सोबत काही गोळ्या लिहून द्या." मी लिहून देतो. गुडघ्याबद्दल कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी हिमाचलात एका उतारावर स्की भाड्याने देणाऱ्याने माझ्या बुटाचं माप पाहिलं आणि एक रुंद, नवी जोडी पुढे केली. वजन विचारलं नाही, वयही नाही. सकाळची वेळ, रात्री गोठलेला बर्फ फरशीसारखा टणक. अगदी हळू जात असताना मी मागे बसल्यासारखा पडलो. पट्टी पायातून सुटली नाही, गुडघ्यात 'टक' असा आवाज झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणारं आतलं लिगामेंट, अर्धवट फाटलेलं निघालं. ऑपरेशन टळलं, पण सहा महिने फिजिओथेरपी.

नंतर वाचलं तेव्हा कळलं, ती जोडी त्या बर्फाची नव्हतीच. ओल्या काळ्या मातीत ट्रॅक्टरला रुंद टायर लागतो, तसंच हे आहे. गुलमर्गला अफरवतच्या उतारावर ताजा, भुसभुशीत बर्फ पडतो. तिथे मध्यभागी 100 मिमी किंवा जास्त रुंद, टोकाला उचललेली स्की तरंगते. अरुंद पट्टी रुतते. दाबलेल्या टणक बर्फावर मात्र 70 ते 85 मिमीची बरी. तिची पोलादी कड बर्फात रुतते आणि कंबरेत बारीक आकारामुळे पट्टी कलवली की आपोआप वळते. रुंद पट्टीची कड पावलाच्या मध्यापासून लांब असते, त्यामुळे टणक बर्फावर ती कलवताना जास्त पीळ बसतो. प्लास्टिकचा ताठ बूट घोटा जखडून ठेवतो, म्हणून तो पीळ वर गुडघ्यात जातो.

दुसरी गोष्ट बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारा आणि पडताना सोडणारा खटका. त्यावरचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य पाहून ठरतो. पन्नाशीनंतर तो एक पायरी कमी ठेवतात. आपला आकडा लावून मागा, लाजू नका. मी लाजलो होतो. (डॉक्टर असूनही!) तरीही मागे पडताना खटका प्रत्येक वेळी सुटेलच असं नाही. हात पुढे ठेवा, तोल गेला तर गुडघे वाकलेले राहू द्या आणि घसरणं थांबेपर्यंत उठायची धडपड करू नका.

'टक' आवाज आला आणि काही तासांत गुडघा सुजला, तर त्या दिवशी पुन्हा उतारावर जायचं नाही, मालिशही नको. बर्फाचा शेक, क्रेप बँडेज, पाय उंचावर, आणि घरी परतायची वाट न पाहता तिथल्याच डॉक्टरांना दाखवा.