वीस मजली बोटीवरचे सात दिवस

अमेरिकेत मुलाकडे नाहीतर मुलीकडे गेलेल्या आई-वडिलांचा कार्यक्रम आता ठरल्यासारखाच असतो. नायगारा होतो, न्यूयॉर्क होते, वॉशिंग्टन होते. मग एका रात्री जेवताना सूनबाई हळूच सांगते, "आई, बाबा, या वेळी आपण सगळे क्रूझला जायचंय. सात दिवस. तिकिटं काढलीत." बाबांच्या डोळ्यांपुढे लगेच भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी कोकणची बोट उभी राहते. डेकवर पसरलेल्या वळकट्या, कोपऱ्यात आडवी झालेली माणसे, आणि वेंगुर्ल्याला उतरताना हेलकावणाऱ्या पडावात जीव मुठीत धरून टाकलेला पाय. आईंचा प्रश्न मात्र सरळ असतो, "मला बोट लागली तर?"

ही भीती मायामीच्या बंदरात पोहोचेपर्यंत टिकते. धक्क्याला लागलेली 'आयकॉन ऑफ द सीज' दिसली, की दोघेही बोलायचे थांबतात. ही बोट आहे, की कुणी एखादी वसाहत आणून पाण्यात उभी केली आहे, हे पहिल्या नजरेत कळतच नाही.

फिनलंडमधल्या तुर्कू गावच्या गोदीत बांधलेली ही बोट 27 जानेवारी 2024 रोजी मायामीहून पहिल्या सफरीला निघाली. त्याआधी चार दिवस फुटबॉलपटू लायोनेल मेस्सीच्या हस्ते तिचे नामकरण झाले होते. लांबी 365 मीटर, मजले 20. आपली विमानवाहू 'विक्रांत' 262 मीटरची आहे, म्हणजे ही तिच्याहून शंभर मीटरने लांब. हिची नोंद 2 लाख 48 हजार 663 टनांची आहे, पण हा आकडा वजनाचा नव्हे. बोटीच्या पोटात किती जागा आहे, त्याचे ते माप असते. त्याच मापाने 'टायटॅनिक' 46 हजार टनांची होती. एका खोलीत दोघे धरले तर 5,610 प्रवासी, आणि सगळ्या खाटा भरल्या तर 7,600. शिवाय 2,350 कर्मचारी. ऑगस्ट 2025 मध्ये याच कंपनीची हिची जुळी बहीण 'स्टार ऑफ द सीज' फ्लोरिडातल्याच दुसऱ्या बंदरातून सुरू झाली.

आईंच्या प्रश्नाचे उत्तर याच आकारात आहे. बोटीच्या दोन्ही बाजूंना पाण्याखाली माशाच्या परांसारखे पंख असतात. लाट आली की ते आपोआप कोन बदलतात आणि डोलणे बरेचसे जिरवून टाकतात. वादळी हवा नसेल तर कपातला चहा हिंदकळतसुद्धा नाही. तरी ज्यांना एसटीचा घाटही सोसत नाही, त्यांनी खालच्या मजल्यावरची, मध्यभागाची खोली मागावी. टोकाच्या आणि वरच्या खोल्यांना हेलकावा जास्त बसतो.

निघण्याआधी आणखी दोन गोष्टी घरातल्या कर्त्या माणसाने पाहून ठेवाव्यात. ही बोट परदेशात जाऊन पुन्हा अमेरिकेत येते, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. बोटीची नोंदणी बहामाजची आहे, आणि परदेशी नोंदणीच्या बोटीने प्रवाशांना नुसते एका अमेरिकी बंदरातून दुसऱ्यात नेऊ नये, असा 1886 सालचा कायदा आहे. म्हणून प्रत्येक सफरीत एखादे तरी परदेशी बंदर असतेच. दुसरी गोष्ट औषधांची. धक्क्यावर दिलेली मोठी बॅग खोलीत यायला संध्याकाळ होते. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या गोळ्या हातातल्या पिशवीतच हव्यात. बोटीवर डॉक्टर असतो, पण त्याचे बिल अमेरिकेतल्या डॉक्टरला शोभेल असेच असते. वडीलधाऱ्यांचा प्रवासविमा समुद्रावर लागू होतो की नाही, हे आधी वाचलेले बरे.

बोटीवर पाय ठेवल्यावर पहिले काम म्हणजे संकटकाळी जमण्याची आपली जागा पाहून येणे. मुलांना कंटाळा येतो, मोठेही कुरकुरतात. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडली आणि 32 जणांचा बळी गेला. त्या दिवशीच चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव अजून व्हायचा होता. त्यानंतर नियम बदलले, आणि हा सराव बोट निघण्याआधी किंवा निघता निघताच उरकण्याचे बंधन आले. आता सूचना फोनवर नाहीतर खोलीतल्या पडद्यावर पाहायच्या आणि नेमलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची. पाच-दहा मिनिटांचे काम. आजी-आजोबांना तेवढ्या निमित्ताने जिनेही कळतात.

मग भोंगा वाजतो, मायामीच्या उंच इमारती मागे सरकू लागतात, आणि घरातली माणसे हरवायला सुरुवात होते.

हे हरवणे अक्षरशः होते. बोटीवर आठ मोहल्ले आहेत. एक सबंध भाग लहान मुलांच्या कुटुंबांसाठी, एक दुकानांचा रस्ता, एक खऱ्या झाडांची बाग, जिच्यावर उघडणाऱ्या गॅलऱ्यांतून समुद्र दिसतच नाही. सात तलाव, सहा घसरगुंड्यांचे जलोद्यान, टोकाला काचेच्या घुमटात सतरा मीटरच्या आसपास उंचीचा धबधबा. तीन मजल्यांचे एक घरही आहे. त्यात वरून खाली यायला जिन्याबरोबर घसरगुंडी आहे. आठवड्याच्या त्याच्या भाड्यात आपल्याकडे एखादा फ्लॅट येईल. नातवंडे जी पळतात ती भूक लागेपर्यंत सापडत नाहीत. मुलगा इंटरनेटचे पैसे भरून, "फक्त एक मेल बघतो" म्हणत कोपरा धरतो. सून कुठल्या कार्यक्रमाची जागा धरायला रांगेत. आजोबा लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरतात; डावा-उजवा व्हरांडा सारखाच, दारे सारखीच. अनेक क्रूझ बोटींवर लिफ्टमधला गालिचा रोज बदलतात आणि त्यावर त्या दिवसाचा वार विणलेला असतो. पहिल्या दिवशी हसू येते, चौथ्या दिवशी त्याचा खरोखर उपयोग होतो.

मोठ्या बोटीवरची खरी अडचण इथेच आहे. सात दिवस एकत्र राहायचे म्हणून सगळे आलेले असतात. मुलाला वर्षात मोजकी सुट्टी, आई-वडिलांचा मुक्काम सहा महिन्यांचा, पुढच्या खेपेला दोघांची प्रकृती कशी असेल हे कुणी बोलून दाखवत नाही. आणि बोटीची सगळी रचना अशी, की प्रत्येकाला आपापल्या आवडीचे काहीतरी वेगळे सापडावे. दिवसभर कुणाची कुणाशी गाठ नाही, असा बेत नकळत होऊन बसतो.

याला उतारा तिकिटाच्या पैशांतच मिळतो, तो म्हणजे रात्रीच्या जेवणाचे टेबल. जेवणाच्या मोठ्या दालनात वेळ दोन प्रकारे घेता येते: हवे तेव्हा जावे, किंवा रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर. तरुण मंडळी पहिला प्रकार निवडतात. तीन पिढ्या बरोबर असतील तर दुसराच घ्यावा. रोज तेच टेबल, तोच वाढपी. तिसऱ्या रात्री तो नातवाची थाळी न विचारता आणतो आणि आजींच्या पुढचा बर्फाचा ग्लास उचलून साधे पाणी ठेवतो. दिवसभर पांगलेली माणसे तास-दीड तास समोरासमोर बसतात. कुणी किती घसरगुंड्या केल्या, कुणाला कुठे कोण भेटले, आजोबा कुठल्या मजल्यावर चुकले, हे सगळे तिथे निघते. बोटीवरच्या कुठल्याही झगमगाटी खेळापेक्षा हा तास नंतर जास्त आठवतो, असे जाऊन आलेले सांगतात.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. दालनातल्या मुख्य वाढप्याला आदल्या रात्री सांगितले, तर दुसऱ्या दिवशी डाळ, भात, पनीर, एखादी रस्सा भाजी असे भारतीय ताट होते. जैन जेवणाची सूचना मात्र तिकीट काढतानाच द्यावी. घडीच्या पोळीची आशा ठेवू नये. सकाळच्या मोठ्या उपाहारगृहात दाराशीच हात धुवायची जागा असते आणि कर्मचारी हसत, गात प्रत्येकाला तिकडे वळवतात. हे नुसते कौतुक नव्हे. एवढी माणसे एका छताखाली जेवतात तिथे एकाचे पोट बिघडले तर ते हजारांत पसरते.

त्या वाढप्याच्या छातीवर नावाची पाटी असते, आणि नावाखाली देश. फिलिपिन्स, इंडोनेशिया, जमैका, आणि पुष्कळदा इंडिया. आजी कुतूहलाने विचारतात, "इंडियात कुठले?" "गोवा, आंटी." मग संभाषण मराठी-कोकणीत सुरू होते आणि सूप गार होते. यात नवल काही नाही. ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींपासून गोव्याची माणसे आचारी, स्टुअर्ड, वादक म्हणून दर्यावर जात आली आहेत. गावात त्यांना तारवटी म्हणतात. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास त्यांची कूड असत. आपल्या गावच्या खलाशाने बोट मिळेपर्यंत राहावे म्हणून गावानेच चालवलेली घरे. काही कूड अजून उभी आहेत. सासष्टी-बार्देशमधली कितीतरी घरे, मुलांची शिक्षणे, बहिणींची लग्ने या पगारावर झाली आहेत.

प्रवाशांच्या मजल्यांखाली बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा कर्मचाऱ्यांचा रुंद रस्ता असतो. अमेरिकी बोटींवर त्याला तिकडच्या एका महामार्गाचे नाव पडले आहे, आय-नाइन्टीफाइव्ह. तिथून धुतलेल्या चादरी, भाज्यांची खोकी, रिकाम्या बाटल्या दिवसरात्र वाहत असतात. 2006 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान दहा आणि आठवड्यात किमान 77 तास विश्रांती मिळायला हवी. उलट्या बाजूने मोजले तर आठवड्यात 91 तासांपर्यंत काम करून घेता येते. सहा-आठ महिन्यांच्या करारात रविवार नसतो. प्रवाशाच्या खात्यावर माणशी दिवसाला अठरा-एकोणीस डॉलर बक्षिसी म्हणून आपोआप लागते. ही रक्कम पाहून पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. चौघांचे सात दिवस धरले तर पाचशे डॉलर होतात, हे खरे. पण ती कापून घ्यायला काउंटरवर जाणाऱ्याने आधी आपली खोली रोज दोन हातांनी कोण आवरते ते पाहावे.

बाकीच्या खर्चाचे मात्र भान हवे. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. सगळे एका कार्डावर लिहिले जाते आणि ते शेवटच्या रात्री कळते. मद्य, सरबते, इंटरनेट, छायाचित्रे, वेगळी उपाहारगृहे, बंदरावरच्या सहली, सगळे निराळे. साधे जेवण, पाणी, तलाव, बहुतेक नाटके आणि बर्फावरचे नाच तिकिटात येतात. मुलांना पहिल्याच दिवशी हा फरक सांगितला तर पुढची कटकट वाचते.

बंदरांबद्दल फार अपेक्षा ठेवू नयेत. एका दिवसात बेट कळत नाही. बहामाजमधले कोकोके तर कंपनीनेच नटवलेले बेट. 2019 मध्ये तिथे मोठे जलोद्यान झाले. सुंदर आहे, सोयीचे आहे, पण तिथे गाव नाही, बाजार नाही, आणि प्रवाशाचा डॉलर एका खिशातून निघून त्याच कंपनीच्या दुसऱ्या खिशात जातो. सेंट मार्टिनचे तसे नाही. एवढेसे बेट, 1648 च्या तहापासून अर्धे फ्रेंचांचे आणि अर्धे डचांचे. डच बाजूच्या फिलिप्सबर्गच्या मुख्य रस्त्यावर दागिन्यांच्या नि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात शिरावे तर गल्ल्यावर सिंधी शेठ. कॅरिबियन समुद्रात हिंदीत घासाघीस करायची संधी आजी सोडत नाहीत. त्या दुकानदारांचे पोट मात्र धक्क्याला बोट लागण्यावर चालते. वारा फिरला आणि कप्तानाने बंदर टाळले, तर प्रवाशाचा एक बेत हुकतो, दुकानदाराचा सबंध दिवस जातो.

या बोटींवर टीकाही आहे. नैसर्गिक वायूवर चालणारी ही इंजिने काजळी कमी सोडतात, पण न जळता निसटणारा मिथेन हवा तापवण्यात भारी असतो, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे. व्हेनिसने 2021 मध्ये आपल्या जुन्या शहरासमोरचा जलमार्ग मोठ्या बोटींना बंदच केला.

एवढे सगळे असून समुद्र तिकिटाबाहेरचा नाही, हे पुष्कळांना पाचव्या दिवशी सुचते. पहाटे साडेपाचला बोट झोपलेली असते. रात्री उशिरापर्यंत चाललेले संगीत थांबलेले, तलावाकाठच्या खुर्च्या ओळीने लावलेल्या, त्यांवर टॉवेल टाकून जागा अडवणारे अजून उठायचे आहेत. त्या वेळी कठड्याशी जाणारे बहुतेक म्हातारेच. सेंट थॉमसकडे जाणाऱ्या वाटेवर, प्यूर्टो रिकोच्या उत्तरेला, अटलांटिकमधली सर्वांत खोल घळ आहे, आठ हजार मीटरहून अधिक. तिथल्या पाण्याचा निळा रंग मुंबईच्या किंवा मालवणच्या समुद्राला नाही. शाई ओतल्यासारखा दाट. पिवळट शेवाळाचे लांब पट्टे वाहत जातात. बोटीच्या फेसातून उडते मासे निसटतात, हातभर अंतरावर पाण्याला समांतर सरळ जातात आणि पुन्हा दिसेनासे होतात. आजोबा नातवाला हळूच उठवून आणतात. पोरगे डोळे चोळत कुरकुरते, मग मासे मोजू लागते. कोकणच्या बोटीची, वळकटीची, पडावाची गोष्ट त्याला तिथे पहिल्यांदा कळते. "मग तुम्ही उडी मारली, आजोबा? खरंच?"

आठव्या दिवशी सकाळी मायामी. मोठ्या बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर ठेवलेल्या असतात. सात वाजल्यापासून माणसे उतरू लागतात, नऊ-दहापर्यंत खोल्या रिकाम्या होतात. मग चादरी निघतात, गाद्या उलटतात, ट्रकमधून फळे, दूध, मांस, पीठ चढवले जाते. त्या गडबडीत गोव्याच्या वाढप्याला थोडा वेळ मिळाला, तर तो घरी फोन लावतो. मायामीत दुपारचे बारा म्हणजे तिकडे रात्रीचे साडेनऊ-साडेदहा. मुले अजून जागी असतात. तोवर खाली धक्क्यावर पुढच्या सफरीचे प्रवासी रांगेत उभे राहिलेले असतात, आणि दुपारी चारच्या सुमाराला भोंगा पुन्हा वाजतो.