शेळ्या राखणारा भाऊ

आधी एक सूचना. हॅरी पॉटरची सातही पुस्तकं ज्यांनी वाचलेली नाहीत आणि कधीतरी वाचायची इच्छा आहे, त्यांनी इथेच थांबावं. शेवटचं पुस्तक २१ जुलै २००७ ला आलं. इतक्या वर्षांनी रहस्य फोडल्याचं पाप लागत नाही असं माझं मत आहे, पण सांगितलेलं बरं.

तर झालं असं की गेल्या विकांताला पाऊस लागून राहिला होता, डोंबिवलीच्या रिवाजाप्रमाणे लाइट गेलेले, लॅपटॉपने मान टाकलेली. म्हणून सातवं पुस्तक परत काढलं. २००७ मध्ये सगळ्यांसारखाच मीही मुख्य गोष्टीच्या मागे धावलो होतो. हॅरी जगतो की मरतो? स्नेप नक्की कुणाच्या बाजूचा? त्या सोमवारी हापिसात जेवणाच्या टेबलावर नियमच होता, पुस्तकाचं नाव काढेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. आता शेवट माहीत आहे, घाई नाही. आणि मग लक्षात येतं की बाईंनी खरा जीव ओतलाय तो कडेच्या माणसांत.

ल्युपिन आणि टाँक्सचंच घ्या. ल्युपिन म्हणजे महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, लांडगा होणारा मास्तर. टाँक्स त्याच्यापेक्षा बरीच लहान, केसांचा रंग वाट्टेल तसा बदलणारी. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी ती सगळ्यांदेखत त्याला पकडते, आणि तो कारणं सांगतो. मी वयाने मोठा, गरीब, आणि तुझ्या जिवाला धोका. तेव्हा ट्रेनमधल्या आमच्या ग्रुपला हे प्रकरण भलतंच ठिगळ लावल्यासारखं वाटलं होतं. मला मात्र ते अगदी आपल्याकडचं वाटतं. स्थळ बघताना हाच प्रश्न असतो ना? वय, पगार, आणि 'घराण्यात काही नाही ना?' तिसरा प्रश्न मोठ्याने विचारत नाहीत, चौकशी करतात. आपल्याकडे तर कायद्यातही ते होतं. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट येणाऱ्याला लग्नाला अपात्र ठरवलं होतं, आणि तो अपस्माराचा उल्लेख निघाला १९९९ मध्ये! म्हणजे ल्युपिन आपल्याकडे असता तर तेवीस वर्षं त्याला कायद्यानेच बोहल्यावर चढू दिलं नसतं. (लांडग्याचा वेगळा उल्लेख नाही म्हणून सुटला असता म्हणा.)

डम्बलडोरचं ग्रिंडेलवाल्डवरचं प्रेम लेखिकेने ऑक्टोबर २००७ मध्ये न्यूयॉर्कला जाहीर केलं, त्यावर आमच्याकडे आठवडाभर फालतू विनोद झाले. त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही. त्या प्रेमाच्या नादात त्याने घरी काय केलं, ते जास्त महत्त्वाचं आहे.

त्याची बहीण आरियाना. सहा वर्षांची असताना तीन मुलांनी तिला जादू करताना पाहिलं आणि तिची अशी अवस्था केली की ती पुन्हा कधीच धड झाली नाही. बापाने त्या मुलांना धडा शिकवला आणि तुरुंगात गेला, पण का केलं ते शेवटपर्यंत बोलला नाही. बोलला असता तर मुलीला कायमचं सेंट मंगोज इस्पितळात डांबलं असतं. मग आईने गाव बदललं आणि मुलगी 'नाजूक प्रकृतीची' आहे म्हणून दाराआड ठेवली.

हे वाचताना ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या माणसाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. आमचं सेंट मंगोज म्हणजे ठाणं. पुण्याकडे येरवडा, विदर्भात नागपूर, कोकणात रत्नागिरी आणि मुंबईकरांसाठी ठाणं. १९०१ साली सुरू झालेलं हे मनोरुग्णालय इतकं नावाजलेलं की गावाचं नावच चेष्टेचा शब्द झालं. 'याला ठाण्याला पोचवा रे!' कॉलेजात ठाण्याच्या मित्राने पत्ता सांगितला की वर्ग हसायचा. आता त्याच इस्पितळाच्या जागेवर मुलुंड आणि ठाण्याच्या मध्ये नवं स्टेशन करायचं घाटतंय. तेव्हा विनोदाचं काय होणार कोण जाणे.

आमच्या घरात मात्र त्या विनोदाला कोणी हसायचं नाही. कल्याणला पारनाक्याजवळच्या जुन्या घरात माझी थोरली आत्या आतल्या खोलीत असायची. तिला आवाज ऐकू यायचे. आज त्याला स्किझोफ्रेनिया म्हणतात. तेव्हा आजोबा फक्त 'तिची तब्येत' म्हणायचे. 'ठाणं' हा शब्द घरात उच्चारायचा नाही, आणि तिला तिथे पाठवायचं नाही म्हणून डॉक्टरही नाही. पाहुणे आले की खोलीचं दार लोटलं जायचं. जुन्या कोडमध्ये असतं ना एखादं फंक्शन, वर कमेंट 'हात लावू नये', आणि का ते लिहिणारा कधीच सोडून गेलेला. तसं.

तिला भरवायची धाकटी आत्या. दुसऱ्या कोणाच्या हातून थोरली जेवायचीच नाही. धाकटी सकाळी तिचं सगळं आवरून फोर्टातल्या बँकेत जायची आणि संध्याकाळी परत आल्यावर आधी तिच्या खोलीत. १९८५ मध्ये बँकेतल्याच एका सहकाऱ्याने तिला विचारलं. ती नाही म्हणाली. कारणं जवळपास ल्युपिनचीच, फक्त इथे बाई नकार देत होती. आमच्या घरात असं असं आहे, उद्या मुलांत उतरलं तर? तो म्हणाला, मला माहीत आहे, सगळ्या पारनाक्याला माहीत आहे! तरी सात वर्षं थांबला. थोरली १९९१ मध्ये गेली, पुढच्या वर्षी यांचं लग्न झालं. आत्या तेव्हा अडतीस वर्षांची. मला त्या लग्नातली फक्त आइस्क्रीमची आठवण आहे.

सातवं पुस्तक मी वाचून झाल्यावर तिने मागून नेलं. फ्रेंड्स लायब्ररीतून आठवड्याला दोन पुस्तकं संपवणारी बाई, तिला सहाशे पानांचं काय. परत द्यायला आली तेव्हा मला वाटलं, आरियानावरून काही बोलेल किंवा मुद्दाम टाळेल. ती चिडलेली होती.

"तो मोठा भाऊ मला अजिबात आवडला नाही," म्हणाली. "अठरा वर्षांचा घोडा, आई गेली म्हणून घरी आला आणि आपलं हुशारीचं वाया जाणार म्हणून कुढत बसला. सगळी पुस्तकभर त्याचंच कौतुक. तो शेळ्या राखणारा बरा."

शेळ्या राखणारा म्हणजे अ‍ॅबरफोर्थ, धाकटा भाऊ. कळकट खानावळ चालवतो, पुस्तकात पाच-सहा वेळा डोकावतो. पण आरियाना त्याच्या हातून जेवायची. तिचा उद्रेक झाला की तोच शांत करायचा, बरी असली की शेळ्यांना चारा घालायला बरोबर न्यायचा. शाळा सोडून तिच्यापाशी राहतो म्हणाला, तर मोठ्याने राहू दिलं नाही. पुढे तिघांच्या भांडणात कुणाच्या तरी मंत्राने आरियाना मेली.

"ती लपवून ठेवली याचंच सगळ्यांना पडलंय," आत्या म्हणाली. "लपवली तर लपवली. तेव्हा दुसरं काय करणार होती ती आई? पण बघत कोण होतं, ते विचार ना."

मी तिला पाचव्या पुस्तकातल्या नेव्हिलचं सांगितलं. त्याचे आईवडील त्याच सेंट मंगोजमध्ये कायमचे. छळामुळे दोघांचं भान गेलेलं. मित्र तिथे अचानक समोर येतात आणि नेव्हिलला मेल्याहून मेल्यासारखं होतं. आजी त्याला झापते, यात लाजण्यासारखं काय आहे म्हणून. आई त्याच्या हातात च्युइंगमचा रिकामा कागद ठेवते. आजी म्हणते टाकून दे, आणि तो गुपचूप खिशात घालतो. आत्याने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमची काड्यापेट्या द्यायची. रिकाम्या." किती होत्या, कुठे आहेत, मी विचारलं नाही.

त्यानंतर ती बऱ्यापैकी मोकळी बोलायला लागली. हे पुस्तकामुळे झालं असा माझा दावा नाही. १९९० पासून ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच संस्था आहे, २००४ मध्ये 'देवराई' सिनेमा आला होता, हळूहळू लोक हा आजार नावानिशी बोलायला लागलेच होते. पण माझ्या चुलत बहिणीचं स्थळ आलं तेव्हा आत्याने पाहुण्यांसमोर चहाचा कप खाली ठेवून सरळ सांगून टाकलं, आमच्या थोरल्या बहिणीला स्किझोफ्रेनिया होता. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्या पाहुण्यांकडून पुढे निरोप आला नाही. दुसऱ्यांकडून आला. त्यांनाही सांगितलं होतं.

आतोबा इंग्रजी कादंबऱ्यांच्या वाटेला जात नाहीत. पण आत्या इतकं काय वाचतेय म्हणून एका रविवारी त्यांनी मला गोष्ट सांगायला लावली. आरियाना, शेळ्या सगळं ऐकलं, काही बोलले नाहीत. ल्युपिन आणि टाँक्सशी आलो तेव्हा अडकित्ता खाली ठेवला.

"नाही म्हणत होता ना तो? मग झालं का लग्न?"

"झालं. मुलगाही झाला."

"मुलगा ठीक ना?"

"एकदम ठीक. लांडगा वगैरे काही नाही."

"मग बरं झालं," म्हणाले आणि सुपारी कातरायला लागले. लढाईत दोघंही मरतात, तेही एका वाक्यात, हे मी त्यांना सांगितलं नाही.