लोपलेला अनुस्वार

वरोऱ्याच्या वर्गात जुन्या शुद्धलेखनातील उतारा दिला, की 'घरांत' या शब्दाचा अर्थ विद्यार्थी 'अनेक घरांमध्ये' असा करतात. लेखकाच्या मनात बहुधा एकच घर असते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले. सामान्यरूपाच्या अनेकवचनाचा बिंदू तेवढा राहिला. आजच्या नियमाने विद्यार्थी चुकत नाहीत, आणि अडचण नेमकी हीच आहे.

'सोनें' यातील बिंदू म्हणजे 'सुवर्णकम्'मधील मकाराचा अवशेष. कोकणीत अशा नपुंसकलिंगी रूपांतील अनुनासिक आजही ऐकू येतो. प्रमाण मराठीच्या उच्चारातून तो आधीच गेला होता. जपाननेही १९४६ साली 'वि' व 'वे' यांची काना-चिन्हे रोजच्या लेखनातून वगळली. त्यांचे उच्चार 'इ' व 'ए' यांत केव्हाच मिसळले होते. उच्चारानुसारी लेखनाचा हा न्याय मला तत्त्वतः मान्य आहे. पण तो सर्वत्र कुठे लागला? 'ष' आपण ठेवलाच. 'डोया' म्हणणारा आमच्याकडचा विद्यार्थी 'डोळा' असेच लिहितो. (त्याच्या उच्चाराची दखल कोणत्या समितीने घ्यावी?)

एम. ए.च्या वर्गात मी १९६२पूर्वीच्या आवृत्त्याच वाचायला देतो. पहिले दोन तास केवळ बिंदूंवर जातात.