शब्द उच्चारला जातो ती जागा

मराठी समीक्षेची परिभाषा न्याहाळली, तर तिच्यातले कितीतरी शब्द कारागिरांच्या घरून आलेले दिसतात. घाट कुंभाराचा आणि तांबटाचा, वीण आणि पोत विणकराचे, घडण सोनाराची, बांधणी गवंड्याची. कवितेच्या तासाला हे शब्द आम्ही दोघेही वीस वर्षे वापरत आलो आहोत. मात्र त्यांच्यामागचे द्रव्य, म्हणजे ती माती, ते तांबे, ते सूत, वर्गात कधी येत नाही. आमच्या घरात ते आले आमच्या पुतणीमुळे. वास्तुकलेचा पाच वर्षांचा पदवी अभ्यासक्रम तिने आमच्याकडे राहून पुरा केला. त्या काळातले तिचे तीन प्रकल्प आम्ही जवळून पाहिले. त्या निमित्ताने साहित्यातील घाटासंबंधी जे सुचत गेले, ते येथे मांडत आहोत.

पहिला प्रकल्प द्रव्यांचा होता. एक फूट लांबरुंद असे दहा तुकडे तिने ओसरीत मांडले: काळा पाषाण, जांभा, भाजलेली वीट, शेणाने सारवलेली माती, चुन्याचा गिलावा, सागवान, बांबूची ताटी, काच, चिनी मातीची फरशी आणि शेवटी घोंगडी. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की कठीण होत जातो, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु तिचे लक्ष वेगळ्याच गुणाकडे होते. ‘‘काकू, डोळे मीट आणि सांग, यातला मुका कोणता?’’ असे म्हणून ती एकेका तुकड्यावर बोटाने ठोकत जाई. पाषाण, काच आणि फरशी आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत करतात. घोंगडी तो ठेवून घेते, कारण लोकरीच्या धाग्यांत अडकलेल्या हवेच्या घर्षणात ध्वनीची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. जांभ्याला छिद्रे असतात, म्हणून तो पाषाणाइतका निष्ठुर नसतो.

दुसऱ्या प्रकल्पात ती द्रव्याकडून नादाकडे वळली. येथे तिचा गुरू होता वॉलेस सबाइन. 1895 साली हार्वर्ड विद्यापीठातल्या फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात बोललेले काहीच समजेना, म्हणून हे काम या तरुण प्राध्यापकाकडे सोपवण्यात आले. त्या दालनात उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. तेवढ्या वेळात वक्त्याचे आणखी दहा-पंधरा शब्द उच्चारून होत. सबाइनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनच्या एका नळीचा सूर लावला आणि किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते ते घड्याळ लावून मोजले. पहाटेपूर्वी गाद्या जागेवर परत ठेवाव्या लागत. त्यातून जे सूत्र निघाले ते आजही वापरले जाते: खोलीचे आकारमान जितके मोठे तितके घुमणे जास्त, आणि नाद शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितके ते कमी. शोषणाचे माप म्हणून त्याने काय धरले होते? उघडी खिडकी. तिच्यातून बाहेर पडलेला आवाज परत येत नाही.

सबाइनचे हे प्रयोग ती सांगत होती, तेव्हा आम्ही तिच्यापुढे नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय ठेवला. नाट्यमंडप पर्वतातल्या गुहेसारखा असावा, खिडक्या लहान असाव्यात, वारा खेळू नये, म्हणजे आवाजाला गांभीर्य येते, असे भरताने तेथे सांगितले आहे. मर्त्यांसाठी मध्यम आकाराचा मंडप त्याला योग्य वाटतो: 64 हात लांब आणि 32 हात रुंद. हात दीड फुटाचा धरला तर 96 फूट बाय 48 फूट. याहून मोठ्या मंडपात शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, हे कारणही दिलेले आहे. रसचर्चेसाठी आपण ज्या ग्रंथाकडे जातो, त्यात रसाच्याही आधी जागेचे माप येते. सहाव्या अध्यायावरच्या प्रश्नांची उत्तरे लिहून पदवी घेतलेल्या आपल्यासारख्यांनी दुसरा अध्याय पुन्हा काढून वाचावा, असे आम्हांस वाटते.

याच प्रकल्पासाठी तिच्याबरोबर आम्ही विजापूरला गेलो. मुहंमद आदिलशहाच्या कबरीवरचा गोल घुमट सुमारे 44 मीटर व्यासाचा आहे. त्याच्या सज्जात भिंतीशी कुजबुजलेले पलीकडच्या टोकाला ऐकू येते, कारण वक्र भिंत आवाजाला आपल्या कडेकडेने नेते. टाळी वाजवली की ती पुन्हापुन्हा परत येते. आम्ही तेथे एक ओवी म्हणून पाहिली. स्वर अप्रतिम आला, शब्द एकही उरला नाही. पुतणीने कारण सांगितले. स्वरांमध्ये ऊर्जा जास्त असते आणि ते लांबतात; व्यंजने क्षणिक आणि दुबळी असतात. आधीच्या स्वराचे घुमणे पुढच्या व्यंजनाला बुडवून टाकते, आणि शब्दाची ओळख तर मुख्यतः व्यंजनांवर ठरते.

परतताना गाडीत आमची चर्चा रंगली ती रचनाप्रकारांविषयी. जात्यावरची ओवी बुटक्या छपराच्या, सारवलेल्या घरात, दगडाच्या घरघरीवर म्हटली गेली. तिला एकच सोबतीण ऐकणार होती. कीर्तनाला चंद्रभागेचे वाळवंट, जेथे आवाज परत पाठवायला भिंतच नाही. तेथे धृपद पुन्हापुन्हा घोळवावे लागते आणि टाळकऱ्यांनी ते उचलून पुढे न्यावे लागते. पोवाड्यातले झीलकरी शाहिराचा सूर उघड्या मैदानात धरून ठेवतात. पुनरावृत्ती, यमक, चरणाची लांबी हे सारे आपण घाटाचे घटक म्हणून शिकवतो. ते शब्दाला तेथवर पोचवण्याचे उपायही असतील, असा तर्क करायला जागा आहे.

येथे मर्ढेकर आडवे येतात. साहित्याचे माध्यम शब्दांचा नाद नसून शब्दांचा भावनात्मक अर्थ आहे, अशी त्यांची भूमिका. आकाशवाणीत नोकरी करणाऱ्या आणि नादाचे माध्यम रोज हाताळणाऱ्या कवीने ती घ्यावी, हे लक्षणीय आहे. छापील कवितेपुरती ती आम्हांला आजही मान्य करावीशी वाटते. परंतु वर्गात कविता छापील राहत नाही. तेथे ती कोणाच्या तरी तोंडून निघते, चार भिंतींवर आपटते आणि मग कानात शिरते. अर्थापर्यंत जाण्याची वाट तेथे नादातूनच आहे.

तिसरा प्रकल्प अंतिम वर्षाचा: काव्यवाचनासाठी एक लहान वास्तू, चाळीस श्रोत्यांची. तिच्यापुढे आदर्श होता यानिस झेनाकिस. स्थापत्य अभियंता असलेला हा संगीतकार ल कॉर्ब्युझिएच्या कार्यालयात काम करी. ‘मेटास्टासिस’ या रचनेत सरकत जाणाऱ्या सुरांच्या ज्या सरळ रेषा त्याने आलेखावर काढल्या होत्या, तशाच सरळ रेषांतून त्याने ब्रुसेल्सच्या 1958 च्या जागतिक प्रदर्शनातल्या फिलिप्स मंडपाचे वक्र पृष्ठभाग घडवले. आत तीनशेहून अधिक ध्वनिक्षेपकांतून एडगार व्हारेझची रचना फिरत असे. 1959 च्या आरंभी तो मंडप पाडण्यात आला.

पुतणीचा मंडप मात्र ठेंगणा होता. जांभ्याच्या भिंती, आतून खडबडीत चुना, समोरासमोरच्या भिंती किंचित तिरप्या, म्हणजे आवाज दोहोंमध्ये झुलत राहू नये, आणि मागे बांबूची ताटी. परीक्षकांनी विचारले, ‘‘याचा दर्शनी भाग कुठे आहे? बाहेरून हे कशासारखे दिसते?’’ तिने उत्तर दिले, ‘‘डोळे मिटून आत बसल्यावर ते कळेल.’’ गुण बेताचेच मिळाले. दर्शनी भाग सुधारून पुन्हा सादर करण्याची मुभा होती. तिने ती घेतली नाही. घरी आम्ही दोघांनी तिला समजावून पाहिले, कारण त्या गुणांवर तिची पुढची नोकरी अवलंबून होती. ‘‘काका, विद्यार्थ्याने कवितेत यमक नंतर चिकटवलं तर तुम्ही गुण देता का?’’ एवढेच ती म्हणाली.

नोकरीसाठी दूर जाण्यापूर्वी तिने एक काम केले. आमच्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीत मराठी विशेष स्तराला मिळालेला वर्ग तिने मोजला. फरशी चिनी मातीची, भिंतींना गुळगुळीत रंग, खिडक्यांना काच. साठ विद्यार्थी बसले तर घुमणे एका सेकंदाच्या आत येते, कारण माणसे आणि त्यांचे कपडे नाद शोषतात. आमच्या वर्गात अकरा जण असतात. अकरा जणांत ते दोन सेकंदांच्या पुढे जाते. बोलणे स्वच्छ कळण्यासाठी ते सहा-सात दशांश असावे लागते. विषय निवडणाऱ्यांची संख्या घटते तसतसा शिकवणाऱ्याचा शब्दही पुसट होत जातो, हे आकड्यांत पाहणे सोपे नव्हते. वर्गात हल्ली कोणी ऐकत नाही, अशी तक्रार शिक्षककक्षात रोज होते. त्या तक्रारीत भिंतींचा वाटा किती, हे तेथे कोणी विचारत नाही.

तिच्या सांगण्यावरून मागच्या भिंतीवर आम्ही सहा घोंगड्या लावल्या, भिंतीपासून वीतभर पुढे, कारण मागे हवा राहिली की त्या जास्त शोषतात. घुमणे दीड सेकंदावर आले आहे. ते पुरेसे नाही. छताचे काम बाकी आहे आणि त्यासाठीचा अर्ज कार्यालयात आहे. तोवर अकराही जणांना पुढच्या दोन रांगांत बसवतो आणि ध्वनिक्षेपक बंद ठेवतो, कारण तो घुमणेही तितकेच मोठे करतो. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थ्याने वाचन मध्येच थांबवून विचारले, ‘‘सर, शब्द ‘वेस’ आहे की ‘वेश’?’’ पुढचा सारा तास त्या एका व्यंजनावर गेला.