मनात पहिले येणारे नाव

वाशिमच्या किराणा दुकानात एक संवाद हमखास कानी पडतो. ‘काका, कोलगेट द्या.’ ‘कोणतं देऊ?’ ‘कोणतंही द्या, स्वस्तातलं.’ वनस्पती तूप कोणत्याही कंपनीचे असो, आमच्या घरातली वडीलधारी मंडळी त्याला ‘डालडा’च म्हणत, 1937 साली बाजारात आलेल्या एका डब्याचे ते नाव. विशेषनामाचे असे सामान्यनाम झाले की वर्गात रूढ लक्षणेचे उदाहरण शोधावे लागत नाही.

बाजाराचे अभ्यासक ग्राहकाला यादी न दाखवता विचारतात, ‘या वस्तूचे कोणते नाव आठवते?’ जे सर्वप्रथम ओठांवर येते त्याचे मोल मोठे, कारण दुकानात उभा असलेला माणूस फार विचार करीत बसत नाही. पुढे नावे वाचून दाखवतात व विचारतात, ‘हे ऐकले आहे का?’

हाच प्रयोग आम्ही एकदा एम. ए.च्या वर्गात केला. ‘विदर्भातला कवी’ म्हणताच सुरेश भट आले, मागोमाग ग्रेस. ‘वाशिमचा कवी?’ वर्ग शांत. मग आम्हीच नाव घेतले: सर्वसेन. ऐकल्याचेही कुणी सांगितले नाही.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. चौथ्या शतकात त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ हे काव्य रचले. ते आज उपलब्ध नाही. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांतील उल्लेखांतून व अवतरणांतून तेवढे उरले आहे. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह याच नगरीत लावला. वैदर्भी रीतीला प्राकृतात ‘वच्छोमी’ म्हणत, तेही या गावाच्या नावावरून. एके काळी काव्यशैलीला नाव देणारे हे गाव!

दोष विद्यार्थ्यांचा नव्हता. पंधरा-वीस वर्षे याच गावात शिकवूनही आम्ही ते नाव वर्गात कधी उच्चारले नव्हते. प्रश्नपत्रिकेत येत नाही, म्हणून शिकवले नाही; शिकवले नाही, म्हणून आठवले नाही. जाहिरातदार निदान आपल्या मालाचे नाव रोज घेतो. साबणाच्या जाहिरातींना नाके मुरडणाऱ्या आम्हांला तेवढेही जमले नव्हते.

आता दरवर्षी पहिल्या तासाला आम्ही फळ्यावर ‘वत्सगुल्म’ लिहितो आणि खाली ‘सर्वसेन’. परीक्षेत याला गुण किती, असा प्रश्न येतोच. गुण नाहीत, असे सांगून आम्ही पुढे शिकवू लागतो.