हुपरीहून ध्रुवप्रकाशाच्या देशात

एरवी मी तुमच्याशी बोलतो ते खोडव्याविषयी, हुमणीविषयी, नाहीतर माती परीक्षणाविषयी. आज थोडी वाट सोडून बोलणार आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता नॉर्वे देशाच्या पार उत्तर टोकाला जाऊन आलो. कशासाठी, तर रात्री आभाळात दिसणारा उजेड बघण्यासाठी. याला ध्रुवप्रकाश म्हणतात.

निघण्यापूर्वी धाकट्या भावाने तोंडावर विचारले, “दादा, आभाळातला उजेड बघायला एवढं पैसं घालवायचं? त्यात आपल्या चार एकराला ठिबक झालं असतं की!” थोरली मुलगी ओस्लोला नोकरीला आहे, तिकिटांचा भार तिने उचलला, तरी माझ्या शिलकीतले अडीच लाख गेलेच. भावाचा हिशेब चुकीचा नव्हता. गावोगाव फिरून ठिबक बसवा म्हणून सांगणारा मी, आणि माझ्याच शेतात अजून पाटपाणी. विमानात बसेपर्यंत हा काटा मनात सलत होता.

आमची हुपरी विषुववृत्तापासून साडेसोळा अंशांवर. ट्रोम्सो हे गाव एकोणसत्तर अंशांच्याही वर. ओस्लोहून तिथे जायला आणखी दोन तास विमानाचे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवतच नाही. आम्ही गेलो तेव्हा तो सकाळी आठनंतर वर येई आणि दुपारी चारच्या आत मावळे. एवढ्या उत्तरेला असूनही बंदरातले पाणी गोठत नाही, कारण अटलांटिकमधून उबदार पाण्याचा प्रवाह तिथवर पोचतो. समुद्रकाठी लाकडी मांडवांवर मासे वाळत घालतात. आपल्याकडे सुकटाला ऊन लागते, तिथे थंड वारा ते काम करतो.

पहिल्या दोन रात्री ढगच ढग. प्रकाश वर असला तरी खालून दिसायचा कसा? दोन्ही रात्री खोलीच्या खिडकीशी बसून मी ठिबकाचा हिशेब मांडत होतो.

तिसऱ्या रात्री छोट्या बसने आम्हाला स्किबोटन नावाच्या ठिकाणी नेले. ट्रोम्सोवर ढग आणि दोन तासांच्या वाटेवर हे गाव मोकळे, याचे कारण तुम्हाला सांगायला नको. गगनबावड्याला धो धो कोसळणारा पाऊस आटपाडीला पोचेपर्यंत संपलेला असतो, तसेच हे. समुद्रावरून आलेले ढग मधले उंच डोंगर अडवतात आणि पलीकडे आभाळ निरभ्र राहते. पर्जन्यछायेचे भाग्य वाटावे असा प्रसंग माझ्या नोकरीत हा पहिलाच.

आमचा गाडीवान तरुण सामी समाजाचा होता. हे तिथले मूळचे लोक. त्यांच्यातली काही कुटुंबे रेनडिअर नावाची हरणे पाळतात. त्याचा मामाही त्याच धंद्यातला. ही जनावरे खुरांनी बर्फ उकरून खालचे शेवाळासारखे दगडफूल खातात. पण अलीकडे ऐन हिवाळ्यात मधूनच पाऊस पडतो, ते पाणी गोठून बर्फावर कडक पापुद्रा धरतो आणि जनावराला चारा समोर असून खाता येत नाही. मग विकतची पेंड आणून घालावी लागते. मुलीने हे मराठीत सांगितल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “म्हणजे अवकाळी इथंही आलाच म्हणायचा.” तिने ते त्याला समजावले, तेव्हा तो गप्प राहून मान हलवत राहिला.

स्किबोटनला उणे अठरा अंश थंडी होती. लोकरीचे दोन-दोन मोजे घालूनही सौभाग्यवतींची पायाची बोटे बधिर झाली. जोडवी काढा, असे गाडीवान म्हणाला. चांदी हा उष्णता वाहून नेण्यात सर्व धातूंत पहिला, आणि घट्ट कडे असले की रक्तही नीट फिरत नाही. पण जोडवी घडलेली हुपरीत, सासऱ्यांनी लग्नात घातलेली. इतक्या वर्षांत ती बोटातून निघाली नव्हती. त्या जरा घुटमळल्या. मग गाडीत बसून काढली आणि माझ्या खिशात टाकत म्हणाल्या, “हरवू नका म्हणजे झालं.”

साडेदहाच्या सुमारास उत्तरेला एक पांढुरका पट्टा दिसू लागला. आम्हाला वाटले ढग. सौभाग्यवतींना तर साखर कारखान्याच्या धुराड्याची आठवण झाली. पण तो पट्टा सावकाश हिरवा झाला, मग त्याला पडद्यासारख्या चुण्या पडल्या आणि वाऱ्याने धोतर हलावे तसा तो डोक्यावरून हलू लागला. खालच्या काठाला फिकट जांभळी-गुलाबी कड. आवाज काहीही नाही. वीस-पंचवीस मिनिटे हे चालले. आम्ही तिघे एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. मुलीने आईचा हात धरला होता.

हा प्रकाश येतो कुठून? सूर्यातून विद्युतभारित कण सतत बाहेर पडतात. पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे ते दोन्ही ध्रुवांभोवतीच्या कड्यांत खाली वळतात आणि शंभर किलोमीटर व त्याहून अधिक उंचीवर हवेच्या कणांवर आपटतात. प्राणवायूचा हिरवा रंग, आणखी उंचावर तांबडा, नत्राचा निळा-जांभळा. आमच्या गावात चांदी आटवताना तांब्याची भर पडली की ज्वालेला हिरवी झाक येते, ती मी लहानपणापासून पाहिली आहे. प्रत्येक मूलद्रव्याचा आपला रंग असतो, हे तत्त्व दोन्हीकडे तेच.

आता खरी गोष्ट सांगतो, जी मला मुलीने परतीच्या वाटेवर सांगितली. हे कोडे उलगडण्यासाठी क्रिस्टियान बिर्कलँड नावाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने १८९९-१९०० चा हिवाळा उत्तरेतल्या एका डोंगरमाथ्यावर काढला. पुढे निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा ठेवून त्याने प्रयोगशाळेतच छोटा ध्रुवप्रकाश पाडून दाखवला. हाच मनुष्य विजेवर चालणारी तोफ बनवत होता. १९०३ मध्ये भर सभेत ती तोफ बिघडली आणि विजेची प्रचंड ज्वाला उठली. फजिती झाली खरी, पण त्या ज्वालेतून हवेतला नत्र बांधता येईल हे त्याच्या ध्यानात आले. वळवाच्या विजा जे काम आभाळात थोड्या प्रमाणात करतात, तेच कारखान्यात करायचे. सॅम आयडे या अभियंत्याच्या साथीने १९०५ मध्ये नॉर्स्क हायड्रो ही कंपनी उभी राहिली आणि धबधब्याची वीज, हवा व चुनखडी यांतून कॅल्शियम नायट्रेट तयार होऊ लागले. पुढे स्वस्त पद्धत आली व ती ज्वाला विझली. पण द्राक्षाला, टोमॅटोला ठिबकातून तुम्ही जे कॅल्शियम नायट्रेट सोडता, त्याच्या घराण्याचा हा मूळपुरुष! बीएस्सीला नत्र स्थिरीकरण शिकताना त्याचे नाव मी पाठ केले होते. तो आभाळ बघणारा होता हे कोणी सांगितले नव्हते. नॉर्वेच्या दोनशे क्रोनरच्या जुन्या नोटेवर त्याचे चित्र होते. नव्या नोटेवर मासा आहे.

कोणाला जायचेच असेल तर सप्टेंबर ते मार्च हा काळ धरावा, अमावास्येच्या आसपासच्या रात्री निवडाव्यात आणि तीन-चार रात्री हाताशी ठेवाव्यात. एका रात्रीच्या भरवशावर जाऊ नये. सूर्य फार खवळला तर हा प्रकाश दक्षिणेकडेही उतरतो. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तो खुद्द मुंबईतून दिसला होता. अलीकडे मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आभाळातली लाली टिपली.

घरी आल्यावर भावाला फोनमधली चित्रे दाखवली. तो म्हणाला, “एवढं हिरवं डोळ्याला दिसतं व्हय?” मी खरे ते सांगितले, की फोनला जास्त हिरवे दिसते, डोळ्याला फिके. “मग खोटंच की,” तो म्हणाला. त्यावर सौभाग्यवतींनी त्याला जे सुनावले ते इथे लिहीत नाही.

यंदा दोनच एकरांना ठिबक झाले. उरलेल्या दोन एकरांना रात्रीची वीज आली की पाटाने पाणी पाजतो, आणि सुट्टीच्या आदल्या रात्री मीही भावाबरोबर जातो. परवा बांधावर बसलो असताना त्याने बॅटरी बंद केली, उत्तरेकडे जरा वेळ पाहिले आणि विचारले, “किती वाजता सुरू झालं होतं म्हणालास, दादा?”